पळायला जागा हवी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, तशी चेन्नईतही गेली. सौकारपेठेच्या अरुंद गल्ल्यांत सोनं-चांदी गाळत त्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. मुलं घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलत मोठी झाली. चेन्नईचा आणखी एक धंदा मात्र मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसतो. शहराच्या वायव्येला, रेटेरी तलावाच्या आसपास, कोळत्तूर नावाचा भाग आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत माशांची दुकानं लागतात. आसपासच्या वस्त्यांत परसात, गच्चीवर, सिमेंटच्या हौदांत लोक मासे वाढवतात. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ते मासे देशभर जातात. मुंबई-पुण्याच्या दुकानात दिसणारा गप्पी किंवा मॉली कित्येकदा कोळत्तूरकडचा असतो.

घरच्या टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत यावर मी दोन माणसांना बोलतं केलं आहे. माणसं कल्पनेतली आहेत, वाद खरा आहे. एक आत्या : सांगलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, सध्या भावाकडे चेन्नईला आलेली. दुसरा तिचा भाचा : चेन्नईतच जन्मलेला, वडिलांची गलाई सांभाळणारा. त्याने तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आणली आहे. वाळू घालून, वर थोडी मोकळी जागा ठेवून तिच्यात साधारण १३० लिटर पाणी मावतं. टाकी अजून कोरडी आहे. माझा कल आत्याकडे आहे, हे वाचताना कळेलच. पण भाच्याचे काही मुद्दे मला खोडता आलेले नाहीत आणि ते खोडावेत असंही वाटत नाही.

भाचा : यादी तयार आहे, आत्या. चार एंजल, दहा निऑन टेट्रा, सहा टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, एक फायटर, दोन शार्क आणि काच साफ करायला एक सकर. मी विचारून घेतलंय. फायटर सोडला तर सगळे शांत मासे आहेत, आणि फायटरही एकटाच असला तर गप्प राहतो.

आत्या : शांत म्हणजे कसा?

भाचा : जो दुसऱ्याला मारत नाही.

आत्या : फायटर मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला. तिथे दोन नर समोरासमोर आले की गालपाकळ्या फुलवतात, एकदोन झटापटी होतात आणि हरलेला निघून जातो. वीतभर लांब गेला, गवताच्या आड झाला की भांडण मिटतं. तेच दोन नर बरणीत घातले की एकाचा जीव जातो. माशाचा स्वभाव दोन्हीकडे तोच. बरणीत हरलेल्याला जायला वाट नसते, एवढाच फरक. म्हणून मासा शांत आहे की भांडखोर हे मी नंतर विचारते. टाकीतल्या माशाला कशापासून पळता येणार नाही, हे आधी विचारते.

भाचा : म्हणजे दुसऱ्या माशापासून.

आत्या : त्याच्याही आधी पाण्यापासून. नदीत ऊन तापलं की मासा डोहात उतरतो, झाडाच्या सावलीला जातो. तुझ्या दिवाणखान्यात मे महिन्यात दुपारी पाणी किती तापेल?

भाचा : बाहेर ३८ ते ४० असतं. घरात पंख्याखाली ३२-३३ धर. पाणी ३१ पर्यंत जाईल.

आत्या : मग यादीतला गोल्डफिश खोड. त्याला १८ ते २४ अंश मानवतं. निऑनही खोड, त्याची मर्यादा साधारण २६. आणि हा नुसत्या उकाड्याचा प्रश्न नाही. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. पाणी तापलं की माशाच्या शरीराचा व्यवहार वाढतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी झालेला असतो.

भाचा : थांब. कोळत्तूरला गोल्डफिश हजारोंनी वाढतात. याच शहरात, याच उन्हात. हौदावर साधं हिरवं कापड असतं. तिथे जगतात ते माझ्याकडे का नाही जगणार?

आत्या : हौद उथळ आणि रुंद असतो. पाण्याचा वरचा पसरट भाग जेवढा मोठा तेवढी हवा आत जाते. रात्री तो उघड्यावर गार होतो, तुझा दिवाणखाना होत नाही. शिवाय त्यांना मासा काही महिने वाढवून विकायचा असतो. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. तुला त्याला दहा उन्हाळे सांभाळायचंय.

भाचा : बरं, गोल्डफिश गेला. निऑनची जागा मात्र मला रिकामी नको. त्या निळ्या-लाल रेषेसाठी तर टाकी घेतली.

आत्या : कार्डिनल टेट्रा घे. निळी रेष तशीच, लाल रंग उलट जास्त, पोटाखाली टोकापर्यंत. तो ब्राझीलच्या रिओ नेग्रोकडचा, गरम पाण्यातला. २८-२९ अंश त्याला चालतात. पण त्याला मऊ, आम्लाकडे झुकणारं पाणी लागतं. तुझं पाणी कसलं आहे?

इथे जरा थांबून चेन्नईच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. या शहरात माशांचं पाणी हा सरळ प्रश्न कधीच नसतो. मेट्रो वॉटरचं पाणी पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम या तलावांतून येतं. दूर दक्षिणेच्या वीराणम तलावातून येतं. मींजूर आणि नेम्मेलीच्या प्रकल्पांत समुद्राचं पाणी गोडं करूनही येतं. आणि कृष्णेचंही येतं. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून ५-५ टीएमसी पाणी मद्रासला द्यायचं कबूल केलं, आणि १९९६ साली श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू अशा वाटेने कृष्णेचं पाणी पूंडीला पोचलं. सांगलीच्या घाटाखालून वाहणाऱ्या नदीचं नातं या शहराच्या नळाशी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण नळाला येणाऱ्या पाण्यात त्या दिवशी कशाचा वाटा किती, हे नळ उघडणाऱ्याला दिसत नाही. त्यात इमारतीची बोअर असते. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी जड, बरेचदा मचूळ. २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव आटले, तेव्हा जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

भाचा : आमच्याकडे बोअर आणि मेट्रो एकाच टाकीत पडतं. मोजलंय मी. टीडीएस सहाशेच्या वर, पीएच ७.८.

आत्या : तुझा रोज तेजाबाशी संबंध, त्यामुळे तुला हे समजावावं लागणार नाही. पीएच एका अंकाने बदलला म्हणजे आम्लता दहापट बदलली. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. त्याचा विषारी हिस्सा किती, हे पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की तो जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. जड पाण्याच्या, उष्ण शहरातल्या टाकीत मासे दाटीने भरणं म्हणूनच जास्त धोक्याचं.

भाचा : मग आरओच्या कॅनचं पाणी आणतो. वीस लिटरचे सात कॅन.

आत्या : नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पीएच स्थिर राहत नाही, एखाद्या रात्रीत घसरतो. अर्धं-अर्धं मिसळ, पण मग कायम तेच प्रमाण ठेव. मासा बऱ्याच पाण्यांना हळूहळू सरावतो, रोजच्या बदलाला सरावत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला हायपो घाल, नाहीतर पाणी दिवसभर उघडं ठेव.

भाचा : आता खरं सांग. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुला सगळे मासे एकाच नदीचे हवेत.

आत्या : हो. मला ते मनापासून वाटतं. जे एका पाण्यात जन्मले, त्यांना एकत्र ठेवावं. ॲमेझॉनचा मासा, सुमात्राचा मासा, चीनचा मासा आणि आफ्रिकेचा मासा एका काचेत कोंबायचा आणि त्याला निसर्ग म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि आपल्या नद्यांत काय कमी आहे? सह्याद्रीतला तो लाल-काळ्या पट्ट्याचा बार्ब बघ, मिस केरळ म्हणतात तो. १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी त्याचं वर्णन केलं आणि मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव त्याला दिलं. डे इथलेच, मद्रास इलाख्याच्या सैन्यातले डॉक्टर. २०१३ साली त्या माशाला सह्याद्रिया ही नवी प्रजाती मिळाली. ती मांडणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. सह्याद्रीचं नाव धारण करणारा मासा सोडून तुला टायगर बार्ब कशाला?

भाचा : कारण टायगर बार्ब हौदात जन्मतो आणि तुझा सह्याद्रिया ओढ्यातून पकडून आणतात. परदेशात त्याला भाव आला आणि केरळच्या ओढ्यांतून तो इतका उपसला गेला की आज तो धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. देशी मासा ठेवा म्हणणारी माणसं आणि त्याला संपवणारी माणसं कधीकधी एकाच दुकानात उभी असतात, आत्या. कोळत्तूरचा एंजल मात्र ॲमेझॉनचा आहे तरी कुठे? त्याच्या आईबापाने, त्यांच्या आईबापाने चेन्नईचंच पाणी बघितलंय. तो माझ्यासारखाच आहे. मूळ दुसरीकडचं, जन्म इथला.

आत्या : हे तू बरोबर बोललास.

भाचा : आणि दुसरं. एंजल आणि निऑन, दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले ना? एका नदीचे. पण वाढलेला एंजल निऑनला गिळतो. पाणवनस्पतींत उभा राहून लहान मासे टिपणं हेच त्याचं नदीतलं काम. मग तुझं एका नदीचं तत्त्व कुठे राहिलं?

हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. एका पाण्याचे मासे एकत्र ठेवल्याने पाण्याचा प्रश्न सुटतो, शेजाराचा सुटत नाही. नदीत भक्ष्य आणि भक्षक शेजारी असतात आणि तरी दोघंही टिकतात, कारण मधे अंतर असतं, मुळं असतात, गढूळपणा असतो, रात्र असते. टाकीत यातलं फार थोडं असतं. माशांच्या दुकानात सहसा विचारला न जाणारा प्रश्न म्हणजे, या माशाच्या तोंडात काय मावतं? दीड इंची निऑन सडपातळ असतो. १५ सेंटिमीटरच्या एंजलच्या तोंडात तो जातो. बारका, नाण्याएवढा एंजल मात्र त्याच निऑनशेजारी महिनोन् महिने गुण्यागोविंदाने राहतो. घेताना दोघं जुळतात आणि सहा महिन्यांनी जुळत नाहीत, असे बरेच शेजार आहेत. विकत घेतलेलं पिल्लू बघून निवड करू नये, वाढलेला मासा डोळ्यांपुढे आणावा. यादीतले ते शार्क बहुधा पंगसची पिल्लं असणार. बाजारात बासा म्हणून ज्याचे तुकडे मिळतात तोच हा मासा. मोठा झाला की मीटरभर होतो. तीन फुटी टाकीत त्याला वळताही येणार नाही.

आत्या : एका नदीचा हट्ट मी सोडते. पण आपल्याकडचीच एक जोडी बघ, कारण तिच्यातून मला हे सगळं प्रकरण नीट समजलं. पुलिकतच्या खाजणात, केरळ आणि श्रीलंकेच्या खाड्यांत दोन चुलतभाऊ मासे राहतात. एक मोठा, हिरवट राखाडी, ठिपक्यांचा. केरळात करीमीन म्हणतात, गोव्यात काळुंदर. दुसरा छोटा, पिवळा-केशरी, जेमतेम ८ सेंटिमीटरचा, ऑरेंज क्रोमाइड.

भाचा : क्रोमाइड माहीत आहे. कोळत्तूरला सहज मिळतो.

आत्या : १९७२ साली दोन अभ्यासकांनी या दोघांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. छोट्याची पिल्लं मोठ्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. मोठा मासा त्यासाठी थांबतो, अंग ताठ करून उभा राहतो, आणि ती पिल्लं त्याच्या पंखांवरून, शेपटीवरून फिरतात. मुंगूस आणि साप यांच्याबद्दल आपण जसं बोलतो, त्याच्या अगदी उलट हा संबंध.

भाचा : मग ही दोघं तर आदर्श शेजारी.

आत्या : थांब, पुढे ऐक. मोठ्याने अंडी घातली, पिल्लं फुटली, की तेच छोटे मासे ती अंडी आणि पिल्लं खायला टपलेले असतात. आईबाप एकसारखे राखण करत असतात. सकाळी सेवा करणारा संध्याकाळी पिल्लं पळवतो. दोघांचा संबंध चांगला की वाईट? दोन्ही. ऋतूवर आहे, वयावर आहे, कुणाच्या घरात अंडी आहेत त्यावर आहे. खाजणात ते जमतं, कारण अंड्यांच्या वेळी जोडपी आपली जागा निवडतात आणि अंतर राखतात. १३० लिटरमध्ये अंतर कुठून आणणार?

भाचा : म्हणजे कोणता मासा कोणाशी जुळतो याचे तक्ते निरुपयोगी?

आत्या : निरुपयोगी नाहीत. त्यांच्यावरून काय अजिबात करू नये हे कळतं. फायटरशेजारी टायगर बार्ब ठेवू नये, लांब पंखांच्या संथ माशाशेजारी कुरतडणारा ठेवू नये, हे तक्त्यात बरोबरच असतं. पण तक्ता जातीबद्दल सांगतो आणि टाकीत राहतो तो एकेक मासा. टायगर बार्ब तीन आणलेस तर ते दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. दहा आणलेस तर त्यांची भांडणं बहुतेक आपसातच चालतात, दुसऱ्यांना त्रास कमी. गप्पीचा एक नर आणि एकच मादी ठेवलीस, तर नर दिवसभर तिच्या मागे लागतो आणि ती झिजून जाते. एका नरामागे तीन माद्या ठेव, वर तरंगती झाडं ठेव, मग प्रत्येकीला थोडी उसंत मिळते. बघ, प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं. जो मार खातो त्याला लपता यायला हवं, निदान मार वाटून घेणारे सोबती तरी हवेत.

भाचा : तरीही एक शंका आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड ठेवणारे लोक मुद्दाम टाकी गच्च भरतात. कमी मासे ठेवले तर एकजण दादा होतो, जास्त ठेवले तर कुणालाच हद्द बांधता येत नाही. तुझं पळायला जागा हवी हे तत्त्व तिथे उलटं होतं.

आत्या : होतं, मान्य आहे. तिथे कुणालाही स्वतःचा कोपरा नसतो, म्हणून कुणी कुणाला हाकलू शकत नाही. पण ते सांभाळायला जबरदस्त फिल्टर लागतो, दर आठवड्याला भरपूर पाणी बदलावं लागतं. चेन्नईत चार तास वीज गेली की अशा दाट टाकीची अवस्था काय होईल, विचार कर.

भाचा : इन्व्हर्टर आहे घरात. ज्याच्याकडे आहे आणि ज्याला खपायची तयारी आहे, त्याने ती वाट धरली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

आत्या : मीही म्हणत नाही. मला ते बघवत नाही, एवढंच.

इथे दोघांचं एकमत होत नाही आणि ते व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. गच्च भरलेल्या मलावी टाक्या मी पाहिल्या आहेत. त्यांतले मासे रंगाने तेजस्वी असतात, अंडी घालतात, वर्षानुवर्षं जगतात. तरी त्या टाकीसमोर उभं राहिलं की त्या अखंड धावपळीचा मला त्रास होतो. मासे खरंच त्रासलेले आहेत की त्रास माझा आहे, हे मला ठरवता येत नाही.

भाचा : सकर राहिला. शेवाळ खाणारा एक तर हवाच.

आत्या : नको. काही झालं तरी नको. पिल्लू बोटाएवढं असतं, मोठा झाला की फूट-दीड फुटाचा. रात्री दिवे मालवले की तो एंजलसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावर चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. झोपेतल्या एंजलला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मोठा झाला की माणसं काय करतात?

भाचा : तलावात सोडतात.

आत्या : पुण्य समजून सोडतात. चेन्नईच्या तलावांत आज तो भरलाय. आपल्याकडे उजनीच्या जाळ्यांत तो येतो आणि त्याच्या काटेरी चिलखताने जाळी फाटतात. काठावर बिळं करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, त्याला खाणारं तिथे कुणी नाही. टाकीतल्या माशाला बाहेरची वाट असावी असं मी मघापासून म्हणतेय, पण ती वाट तलावाकडे जाता कामा नये. हे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं कार्यालय असलेलं शहर आहे, आणि त्याच शहराच्या तळ्यांत सकर आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

भाचा : मग शेवाळ?

आत्या : दिवा आठ तासांच्या वर लावू नकोस, खाणं कमी घाल, काच स्वतः पूस. आणि गोगलगाई झाल्या तर होऊ दे. कृष्णेच्या खोऱ्यात झेब्रा लोच राहतो, पट्ट्यापट्ट्यांचा, गोगलगाई खाणारा, स्वभावाने गोड. तो बघून मला फार मोह झाला होता. पण तोही धोक्यात आहे आणि बहुतेक पकडूनच आणतात. तू मघाशी जे बोललास, त्यानंतर मी तो मागणार नाही.

भाचा : पकडून आणलेला प्रत्येक मासा वाईट असंही नाही ना? रिओ नेग्रोच्या काठी, बार्सेलोसच्या लोकांचं पोट कार्डिनलवर चालतं असं वाचलंय. पाणी ओसरलं की तसंही त्यातले बरेच मासे मरतात. माशाला भाव आहे तोवर ते लोक जंगल राखतात.

आत्या : तिथलं गणित तसं असेल. इथल्या ओढ्याचं गणित वेगळं आहे. प्रत्येक माशाबद्दल वेगळं विचारावं लागेल, तो कुठून आला आणि कसा आला.

यापुढचं बोलणं मी थोडक्यात देतो. टाकीचे तीन मजले दोघांनी वाटून घेतले. वर राहणारे, मधे पोहणारे आणि तळाशी चरणारे वेगवेगळे घेतले की त्याच पाण्यात गर्दी कमी होते. तळासाठी भाच्याने कोरिडोरस निवडला. त्यातही स्टर्बाई नावाचा, कारण बाकीच्या बऱ्याच कोरिडोरसना चेन्नईचा उन्हाळा सोसत नाही. त्याच्या मिशांसाठी बारीक, गोल वाळू घ्यायची ठरली. वरच्या थरासाठी आत्याने पॅनचॅक्स सुचवला, जो आपल्या विहिरी-तळ्यांत पृष्ठभागाखाली सरळ काठीसारखा स्थिर असतो. भाच्याला त्याच्या तोंडाचा संशय आला. तो बरोबरच होता, कारण लहान मासे हेच पॅनचॅक्सचं अन्न. मग वर पर्ल गोरामी ठरला. त्याला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून पाणी तापून प्राणवायू घटला तरी तो तग धरतो. कार्डिनल शेवटी गळले. अर्धं आरओ मिसळूनही पाणी त्यांना पुरेसं मऊ होत नव्हतं, आणि एंजलच्या तोंडाचा प्रश्न होताच. भाच्याला ते मनातून लागलं, हे आत्याला दिसलं.

भाचा : म्हणजे एंजल, गोरामी, कोरिडोरस. एवढंच?

आत्या : १३० लिटरला एवढं पुरे. आणि आज काही आणू नकोस. आधी पाणी भर, फिल्टर चालू कर, चिमूटभर खाणं टाकत राहा. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते झाल्याशिवाय कुणालाही त्या पाण्यात सोडणं म्हणजे विषात सोडणं, आणि तिथूनही त्याला पळता येत नाही.

भाचा : पोरं सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे बघत बसतील?

आत्या : झाडं लावा. वॅलिस्नेरिया लाव, जड पाण्यातही झपाट्याने वाढते. पोरांना रोज अमोनिया मोजू दे, वहीत लिहू दे. मासे येतील तेव्हा त्यांना माहीत असेल की आत काय चाललंय. आधी तळाचे कोरिडोरस आण, मग गोरामी, सगळ्यांत शेवटी एंजल. हद्द बांधणारा मासा नेहमी शेवटी आणावा, म्हणजे आधी येऊन तो सगळी टाकी आपली समजत नाही. प्रत्येक नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा. आपल्या उष्ण पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर फार भरभर पसरतो.

भाचा : वेगळं भांडं म्हणजे आणखी एक टाकी.

आत्या : दोन फुटी पुरे. आणि ती मासे आणायच्या आधी घे, नंतर नाही. चार एंजल आणलेस तर वर्षभरात त्यांतले दोन जोडी बांधतील. एखाद्या उभ्या पानावर अंडी घालतील आणि उरलेल्या दोघांना वरच्या कोपऱ्यात दाबून ठेवतील. तुझ्या गोरामीलाही. तेव्हा त्या जोडीला दुसऱ्या टाकीत हलवायचं. सकाळी दिसलं की सकाळीच, रविवारची वाट बघायची नाही.

भाचा : आणि त्या टाकीत ती जोडी पिल्लं काढत बसली तर? शंभर-दोनशे एंजल कुठे ठेवू?

आत्या : तेच मी विचारणार होते. ज्या दुकानातून घेणार आहेस, तो मासे परत घेतो का?

भाचा : घेतो, विचारलंय. पिल्लंही घेतो. आणि जमलेली जोडी द्यायची असेल तर उलट पैसे देतो, कारण पैदाशीसाठी त्यांना जोडीच हवी असते. हा फायदा पुण्याच्या माणसाला मिळणार नाही, आत्या. कोळत्तूर इथून अर्ध्या तासावर आहे.

आत्या : मग पहिल्यांदा ती दोन फुटी टाकी घेऊन ये.